डाव्या दारावरची अक्षरं

"अक्षरं वाकडी आहेत," तो माणूस म्हणाला आणि त्यानं माझं मॉडेल टेबलावर परत ठेवलं. तेही दोन बोटांनी, जणू कुणाची वापरलेली कवळी हातात आली होती.

"वाकडी म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे सरळ नाहीत."

घ्या! आता हा मला वाकड्याचा अर्थ सांगणार. अहो, दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवण्यात उभा जन्म गेला माझा. एक दाढ केसाएवढी उंच झाली तरी माणसाला घास चावता येत नाही, आणि दुसऱ्याच दिवशी तो कवळी रुमालात बांधून आमच्या दारात उभा राहतो. मला सरळ-वाकडं शिकवायचं? माझी तिथेच सटकली. पण हॉल माणसांनी भरलेला होता, म्हणून मी आवाज खाली ठेवला. आमच्या ह्यांना तो बाहेर पार्किंगमध्ये ऐकू आला, असं ते नंतर म्हणाले, पण त्यांना वाढवून सांगायची सवयच आहे.

थांबा, पहिल्यापासून सांगते. नाहीतर तुम्हीही म्हणाल, बाई भांडकुदळ दिसते. आहेच मी भांडकुदळ. पण त्या दिवशी भांडण मी उकरून काढलेलं नव्हतं.

हा माणूस म्हणजे आमच्या मंडळाचा मुख्य परीक्षक. आमचं मंडळ जुन्या शर्यतीच्या मोटारींची छोटी मॉडेलं करतं. खेळणी नव्हेत हं; मापात, अगदी नट-बोल्टसकट. मूळ गाडीचे पंचवीस इंच तो आमचा एक इंच. या गृहस्थांच्या गळ्यात काळ्या दोरीला एक भिंग लटकत असतं, आणि चहा पितानासुद्धा ते काढत नाहीत. म्हणून मी त्यांना भिंगवाले म्हणते. तोंडावर नाही म्हणत. म्हणजे त्या दिवसापर्यंत तरी म्हटलं नव्हतं.

आणि मॉडेल होतं 'आगाऊ'चं. आगाऊ हे गाडीचं नाव. मुळात ती कुणा डॉक्टरची बसकी, सभ्य गाडी होती. आमच्या मागच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्या काकांनी ती भंगारातून उचलली, आतल्या गाद्या काढून फेकल्या, बॉनेट कापून त्यात ट्रकचं इंजिन कोंबलं आणि मागे रुंद, गुळगुळीत टायर घातले. पुढं लॉरीचा उंच ॲक्सल लावला, म्हणजे नाक वर आणि वजन मागच्या चाकांवर. हे सगळं कशासाठी? तर सरळ रेषेत पळायला. त्या शर्यतीत वळण नाही, चढ नाही, काही नाही. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सुटायचं. आपण शिंकून नाक पुसेपर्यंत शर्यत संपलेली. तेवढ्यासाठी ही माणसं वर्षभर गाडीखाली आडवी असायची, आणि बायकांचं बोलणं खायची.

त्या गाडीच्या दोन्ही दारांवर नाव लिहिलं ते माझ्या बाबांनी. बाबा पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवणारे. औषधाचं दुकान, शिंप्याचं दुकान, शाळेचं फाटक, एके काळी या गावात वाचण्यासारखं जे काही होतं ते बाबांच्या हातचं होतं. पाटीवर ते सही करत नसत. खालच्या कोपऱ्यात एक मुंगी काढत. खारीच्या केसांच्या बारीक ब्रशनं, तीन ठिपके आणि सहा पाय. लहानपणी मी आणि माझी मैत्रीण शाळेतून येताना मुंग्या मोजत यायचो.

आता त्यातली एकही पाटी नाही. सगळीकडे छापील बोर्ड आले. दिवे लावलेले, मागून चमकणारे. बाबांच्या हातचं एक अक्षर या गावात शिल्लक नाही, आणि बाबांचे डोळेही चाललेत. त्यांना मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. समोरच्याचा चेहरा बघायचा तर ते मान वळवून खिडकीकडे बघतात, मग तो कडेला जरासा उमटतो. डॉक्टर म्हणाले, हेही जाईल हळूहळू. म्हणून मला ते मॉडेल करायचं होतं. बाबांना कडेनं का होईना दिसतंय तोवर, त्यांची अक्षरं कुठंतरी एका काचेमागे, जशीच्या तशी, कायमची उभी राहिलेली त्यांना दाखवायची होती. बाकी मला काही नको होतं, देवाशप्पथ.

संधीही चालून आली होती. 'आगाऊ' फिरत फिरत शेवटी आमच्याच गावातल्या मोटार संग्रहालयात आली. तिथेच आमच्या मंडळाचं प्रदर्शन भरतं. यंदा संग्रहालयानं जाहीर केलं, की आगाऊचं जे मॉडेल परीक्षक अचूक ठरवतील, ते खऱ्या गाडीशेजारी काचेच्या पेटीत कायमचं ठेवायचं, आणि खाली लिहायचं, गाडी कुणी बांधली, कुणी चालवली, अक्षरं कुणी रंगवली. अक्षरं कुणी रंगवली! ते वाचून मी लॅबमध्ये कुणाच्या तरी कवळीला चुकून दोनदा पॉलिश केलं.

आता त्या अक्षरांची गंमत सांगते. गंमत म्हणजे, मी तिला गंमत समजत होते.

पाटी रंगवणारा माणूस माप जमिनीपासून घेतो. दुकानाची ओळ जमिनीला समांतर हवी, बस्स. दोन्ही टोकांना जमिनीपासून माप, तिथे खुणा, मग खडू लावलेली दोरी ताणायची आणि फट्‌कन सोडायची. उमटली रेघ. बाबांनी गाडीलाही तेच केलं. गाडी त्या दिवशी लाकडी ठोकळ्यांवर उभी होती, पुढचा ॲक्सल यायचा होता. एखाद्या गाड्या रंगवणाऱ्यानं माप जमिनीपासून घेतलं नसतं, दाराच्या कडेपासून घेतलं असतं. पण बाबांच्या डोक्यात पाट्या. सुंदर, टपोरी पिवळी अक्षरं काढली, काळी किनार दिली, कोपऱ्यात मुंगी काढली आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी लॉरीचा ॲक्सल बसला आणि गाडीचं नाक हातभर वर गेलं. नाकाबरोबर बाबांची ओळही गेली! उजव्या दारावर शब्द नाकाकडे संपतो, तो चढत गेला. डाव्या दारावर नाकापासून सुरू होतो, तो घसरत आला.

शर्यत तोंडावर होती, पुन्हा रंगवायला सवड नव्हती. गाडी तशीच धावली आणि जिंकली. झालं! गॅरेजवाले काका म्हणाले, आता या अक्षरांना कुणी हात लावायचा नाही, हाच आपला शकुन. बाबा ब्रश-डबा घेऊन दोनदा गेले होते, काकांनी त्यांना दोनदा परत पाठवलं. आणि गावानं बाबांचं नाव ठेवलं, तिरपे पेंटर. "काय तिरपे, आज कुठं काम?" "तिरपे, आमची पाटी सरळ काढा हं!" बाबा हसायचे. मीही हसायचे. मला वाटायचं, शर्यतीच्या गाडीवरून पडलेलं नाव, केवढी ऐट!

आणि संग्रहालयानं काय केलं? गाडी 'नवी' केली. पहिल्यांदा बघायला गेले आणि बघते तर काय! अक्षरं सरळ! पट्टी लावून काढल्यासारखी सरळ, दोन्ही दारांवर, आणि मुंगी गायब. तिथल्या व्यवस्थापक बाईंना सांगितलं, तर "नोंद घेते" म्हणाल्या. घेतली असेल, कुठं ठेवली ते त्यांनाच ठाऊक. घरी येऊन बाबांना मी काहीच बोलले नाही. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला धक्का नको. आपण मॉडेल बरोबर करू. मॉडेलच बोलेल.

मग मी कामाला लागले. मेणात साचा, त्यावरून बॉडी. इंजिनवरच्या हवेच्या पंपाचा पट्टा रबरी हातमोज्याच्या कडेतून कापला. स्पार्क प्लगच्या वायरी सुईत धागा ओवावा तशा ओवल्या. दातांच्या ड्रिलनं चाकांच्या जाळ्या कोरल्या. आमचे हे म्हणायचे, "गाडीला एवढे दात घालतेस, मला एक कप चहा घाल." बाबा रोज माझ्या टेबलापाशी येऊन बसायचे, टायर चाचपायचे, लाल रंगात पिवळा किती टाकायचा ते सांगायचे. काकांनी तो लाल रंग कुठल्याशा आगीच्या बंबाच्या कारखान्यातून उरलासुरला आणला होता म्हणे.

"अक्षरं कशी काढणार?" त्यांनी एकदा विचारलं.

"तुमच्याच ब्रशनं. केस कमी करून तीनच ठेवलेत."

"तसं नाही. कशी काढणार?"

"जशी होती तशी!" मी ठासून सांगितलं.

बाबा टायर फिरवत बसले. मला वाटलं, गहिवरलेत. प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी मी अक्षरं रंगवली आणि मॉडेल डब्यात घालून टाकलं. म्हटलं, आता काचेच्या पेटीतच दाखवायचं.

तर, असं सगळं करून मी तिथं उभी, आणि हे म्हणतात वाकडी आहेत.

"ती तशीच होती," मी म्हणाले. "तुमची गाडी चुकीची आहे."

"मूळ गाडी चुकीची?" भिंगवाले हसले. आजूबाजूचे दोघे-तिघे शिष्टही हसले. "बाई, नियम एकच आहे. मॉडेल मूळ गाडीशी जुळलं पाहिजे. मूळ गाडी ती समोर उभी आहे."

मी पिशवीतून फोटो काढला. शर्यतीच्या रस्त्यावरचा, उजव्या बाजूनं घेतलेला. रस्ता सपाट, मागची भिंत सपाट, आणि नाव चढतंय, आंधळ्यालाही दिसेल असं. भिंगवाल्यांनी भिंग लावलं, फोटो उलटासुलटा केला आणि मला वाटलं आता ओशाळतील. कसले ओशाळतात!

"हो, हे आम्हाला माहीत आहे," ते म्हणाले. "संग्रहालयाच्या समितीत मीही आहे, तिथं चर्चा झाली होती. ती पेंटरची चूक होती. नवी करताना आम्ही सुधारली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे न कळून झालं असतं तर एक वेळ ठीक. यांना ठाऊक होतं!

"माहीत होतं? मग मला वाकडी कशाला म्हणता?"

"कारण आता ती सरळ आहेत. हे बघा, एका पेंटरच्या चुकीपायी एवढ्या देखण्या गाडीला कायमचं व्यंग कशाला?"

"आणि मागच्या पत्र्यावरचा तो पोचा? तो नाही सुधारला?"

"तो ऐतिहासिक आहे," भिंगवाले म्हणाले. "शर्यतीत भिंतीवर आदळली होती गाडी."

"वा! काकांनी गाडी भिंतीवर ठोकली तो इतिहास, आणि माझ्या बाबांनी दोरी मारली ती चूक? कुणी ठरवलं हो हे? भिंगातून बघून ठरवलंत?"

"शांतपणे बोला."

"शांतपणेच बोलतेय! मी कवळ्या करते, कळलं? सगळे दात एका रेषेत लावले तर तोंड खोटं दिसतं. गिऱ्हाईक सांगतं, माझा पुढचा दात जरा आत होता तसाच लावा, नाहीतर नातवंडं ओळखायची नाहीत. आणि तुम्ही अचूकपणाचे ठेकेदार, तुम्ही गाडीची बत्तिशी सरळ करून ठेवलीत आणि वर मला मार्क कापता!"

"शिवाय इथं कचरा आहे," भिंगवाले मॉडेलच्या दाराकडे बोट दाखवत म्हणाले. "रंग ओला असताना काहीतरी पडलंय."

"मुंगी आहे ती!"

"तेच म्हणतोय. कीटक चिकटलाय."

मी दातओठ खात मॉडेल त्यांच्या बोटाखालून टेबलाच्या दुसऱ्या कडेला सरकवलं. आणि नेमके तेव्हा दारातून आमचे हे आले, आणि त्यांच्या दंडाला धरून बाबा. मी ह्यांना चारनंतर आणा म्हणून बजावलं होतं.

"काय करू?" हे माझ्या कानाशी आले. "सकाळपासून बूट घालून बसलेत. 'जावईबापू, निघायचं ना, जावईबापू, निघायचं ना.' आणि तुझा आवाज तर..."

"ठकू," बाबा म्हणाले. मी कवळीच्या वयाला आले तरी मी त्यांची ठकूच. "गाडी कुठंय?"

"बाबा, आधी मॉडेल बघा ना."

"मॉडेल घरीही बघेन. गाडी कुठंय?"

टाळायला जागाच उरली नाही. मी त्यांना हाताला धरून गाडीभोवती बांधलेल्या दोरीपलीकडे नेलं. "हात लावू नका" अशी पाटी होती, ती मी वाचलीच नाही. बाबा डाव्या दारासमोर उभे राहिले, मान फिरवून पार्किंगच्या दिशेनं बघू लागले. म्हणजे ते गाडी बघत होते. बराच वेळ बघत होते. भिंगवालेही मागोमाग येऊन उभे राहिले.

"सरळ केलंय," बाबा म्हणाले.

"केलंय ना! बघा ना काय करून ठेवलंय! मी तुम्हाला सांगितलं नव्हतं बाबा, मला वाटलं तुम्हाला..."

"छान केलंय," बाबा म्हणाले.

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणालात?"

"छान केलंय गं. असंच हवं होतं." त्यांनी तळहात दारावर ठेवला. "किती वेळा वाटायचं, एक दिवस काका नसताना जावं आणि पुसून सरळ करून टाकावं. शर्यत बघायला मी कधी गेलो का? आठव. एकदा तरी गेलो? ती गाडी रस्त्यावरून आली की मी गल्ली बदलायचो."

"पण तुम्ही तर हसायचात! तिरपे म्हटलं की हसायचात!"

"मग काय रडू? भर रस्त्यात? पोरगी बरोबर असताना?" बाबांचा आवाज चढला. "प्रत्येक नव्या गिऱ्हाइकानं विचारायचं, ओळ सरळ येईल ना? प्रत्येकानं! तुझ्या आईनंसुद्धा एकदा भिंतीवर आरसा लावताना विचारलं. त्या दिवशी मी जेवलो नाही."

एवढी वर्षं एका घरात, एका टेबलाशी, आणि मला हे ठाऊक नाही. राग आला मला. त्यांचाच आला. आधी सांगायला काय झालं होतं? मी तीन केसांच्या ब्रशनं डोळे फोडून यांची लाज रंगवत बसले होते, आणि हे शेजारी टायर फिरवत बसले होते!

भिंगवाल्यांना तर आयतीच संधी मिळाली. "ऐकलंत ना?" ते पुढं झाले. "खुद्द पेंटरसाहेबच म्हणतात. बाई, आपलं काही वैर नाही. बाकी मॉडेल उत्तमच आहे. ही अक्षरं पुसा, सरळ करून संध्याकाळपर्यंत आणा. मी अचूक म्हणून सही करतो."

"कर ठकू," बाबा म्हणाले. "सरळ कर."

मी गप्प बसले. आमचे हे सांगतील, मी गप्प बसण्याचा तो एकच प्रसंग. काय करणार? ज्यांच्यासाठी भांडत होते तेच पलीकडे जाऊन उभे राहिले. मी पिशवीत टर्पेंटाइनची बाटली शोधू लागले, आणि डोळ्यांत पाणी आलं म्हणून ती सापडेना.

तेवढ्यात बाबा खाली वाकले. दाराच्या खालच्या कोपऱ्याशी मान तिरकी करून बघितलं, मग बोटांनी चाचपलं.

"मुंगी कुठंय?"

भिंगवाले गळ्यातलं भिंग चाचपू लागले.

"सरळ केलं ते ठीक. पण माझी मुंगी का काढली?" बाबांची बोटं वर सरकली, अक्षरांपर्यंत आली आणि तिथं थांबली. मग त्यांनी अंगठ्याचं नख एका अक्षराच्या कडेवर घासलं. खर्र, असा आवाज आला. कड सुटली, नखाएवढी पिवळी पापडी वर आली.

"अहो अहो, काय करताय!" भिंगवाले ओरडले.

"हे चिकटवलंय," बाबा म्हणाले. "हा रंग नाही. इथं ब्रश फिरलेलाच नाही."

"मशीननं कापलेली अक्षरं आहेत आजोबा. हल्ली तसंच करतात. हातानं रंगवणारे आता मिळतात कुठं?"

बाबा हळूहळू सरळ उभे राहिले. भिंगवाल्यांचा चेहरा दिसावा म्हणून त्यांनी तोंड पार भिंतीकडे फिरवलं. भिंगवाल्यांना कळेना, हा म्हातारा भिंतीशी काय बोलतोय.

"मी मिळालो असतो," बाबा म्हणाले. "मी गॅरेजच्या मागच्या गल्लीत राहतो. तिथंच राहतो, कायम."

"आजोबा, आमचा तसा काही..."

"चूक माझी होती. लाज मला वाटायची, तुम्हाला नाही. सुधारायची तर मी सुधारली असती. फार वर्षं वाट बघितली त्याची. तुम्ही परस्पर कोण पुसणारे? मी मेलो होतो का?"

व्यवस्थापक बाई दारातून आत येत होत्या, त्या तिथेच थबकल्या. बाबांना मी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. भांडणं घरात माझ्या वाट्याची, ते नेहमी मध्ये पडून मिटवणारे. आता त्यांच्या नखाखाली ती पिवळी पापडी अडकलेली होती.

"सरळ आहे ती तुमची," ते म्हणाले. "ठकू, माझी आण."

मी मॉडेल आणून त्यांच्या हातात दिलं. खुर्चीवर बसवलं. त्यांनी ते कानाजवळ धरावं तसं धरलं, कडेनं बघायला. आधी उजवं दार बघितलं. चढत गेलेली अक्षरं, कोपऱ्यातली मुंगी.

"हं. ही बरोबर."

मग गाडी फिरवून डावं दार बघितलं. बघत राहिले. कपाळाला आठी पडली.

"ही चुकली."

"चुकली? बाबा, उजवीइतकाच कल ठेवलाय, मोजून! डाव्या बाजूचा फोटोच नाही कुठं."

"तेच. फोटो नाही म्हणून तुला कसं कळणार! डावी याहून तिरपी होती. गॅरेजमध्ये त्या बाजूला मोरी होती, जमिनीला मागे उतार. मी माप जमिनीवरून घेतलं ना? मग त्या उतारानंही ओढलं. डावी अगदीच पडलेली होती गं. मी तीच बघायला धजत नसे." एवढं बोलून त्यांनी मॉडेल माझ्यापुढं केलं. "पुस. नीट कर."

"अजून तिरपी करू?"

"होती तशी कर."

बाटली आता लगेच सापडली. दोन दिवसांपूर्वीचाच ऑइलपेंट, पुरता वाळलेला नव्हता. खालचा लाल भट्टीत भाजलेला, त्याला धक्का लागणार नव्हता. परीक्षकांच्याच टेबलावर मी रुमाल अंथरला, कापूस भिजवला आणि डावं दार पुसून कोरं केलं. मुंगीही गेली. मग तीन केसांचा ब्रश काढला.

"हे काय चाललंय?" भिंगवाले म्हणाले. "तुम्ही ते आणखी वाकडं करताय!"

"हो. अचूक करतेय," मी म्हणाले. "भिंगवाले, तुमची सावली पडतेय. जरा बाजूला व्हा."

बाबा शेजारी बसून भलतीकडेच, खिडकीकडे बघत होते. "शेवटचं अक्षर खाली... अजून खाली... ठकू, हात आखडू नकोस, अजून खाली. बस. आता किनार." प्रत्येक अक्षराला मला वाटायचं, एवढं नसेल, आणि प्रत्येक वेळी ते म्हणायचे, एवढंच. शब्द पूर्ण झाला तेव्हा तो दारावरून घरंगळायला निघाल्यासारखा दिसत होता. आमचे हे वाकून म्हणाले, "बाबा, खरंच एवढं?" आणि बाबा हसले. ते जुनं, रस्त्यातलं हसू नव्हे. पोटातून हसले. "जावईबापू, लोकांनी नाव उगाच नव्हतं ठेवलं."

काचेच्या पेटीत काय ठेवलंय ते मी बघायला गेले नाही. ठेवलं असेल कुणाचं तरी सरळ मॉडेल. आमचं मॉडेल आमच्या घरी, बाबांच्या खिडकीत आहे, उजेड कडेनं येतो तिथं.

तिथून निघण्याआधी मी मुंगी काढायला ब्रश टेकवणार, तोच बाबांनी माझं मनगट धरलं.

"ती मी काढतो."

ब्रश दिला. त्यांनी मान वळवली, हाताला हात टेकवला, श्वास धरला. हाताची थरथर काही थांबली नाही. तीन ठिपके पडले, सहा पाय फुटले, पण ते एवढाले, की खऱ्या गाडीवर ती मुंगी मांजराएवढी झाली असती. माझ्या त्या सबंध गाडीत मापात न बसणारी तेवढी एकच गोष्ट आहे. ती बघायला भिंग लागत नाही. मी ती पुसलेली नाही.